रांगेला दिलेला शब्द

कर्जत स्टेशनात पुण्याकडची गाडी थांबली की मागे बँकर लागायचे. बोरघाट चढताना गाडीला मागून रेटा देणारी ही इंजिनं जोडून होईपर्यंत जी काही मिनिटं मिळत, तेवढ्यात फलाटावरचे वडेवाले अख्ख्या गाडीला पुरे पडत. वडील रेल्वेत होते, आमचं क्वार्टर स्टेशनला लागून, त्यामुळे हा खेळ मी लहानपणी रोज पाहिला. वडे आधीच पावात बसवून कागदात गुंडाळलेले असत. सुटे पैसे वेगळ्या खिशात. खिडक्यांतून शे-दीडशे हात बाहेर आले तरी वडेवाला गोंधळत नसे, कारण गाडी थांबल्यावर फक्त देणं-घेणं उरलेलं असे. आणि पैसे घेतले, वडा द्यायचा राहिला आणि गाडी हलली, तर तो गाडीबरोबर धावे. खिडकीतल्या हातात वडा पडेपर्यंत धावे.

गेली बावीस वर्षं मी गर्दीचं नियोजन करते. मनोरंजन उद्यानं, जलउद्यानं, जत्रा, मोठे सोहळे अशा ठिकाणी माणसं कुठून येतील, कुठे तुंबतील, कशी बाहेर पडतील हे आधी मांडून ठेवायचं, असं माझं काम आहे. या कामाचं शिक्षण मी पुढे पुस्तकांतून घेतलं, पण पहिला धडा त्या फलाटावरचाच.

आमचा कर्जत-खालापूरचा पट्टा मुंबई आणि पुण्याच्या मधोमध आहे. दोन्ही शहरांची सुट्टी आमच्या अंगणात येऊन पडते. पावसाळ्यातल्या रविवारी भिवपुरीच्या धबधब्याकडे लोकल भरभरून येतात; जीव जाऊ लागले की प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. माथेरानला गाड्या दस्तुरीच्या पुढे जात नाहीत, म्हणून सलग सुट्टी आली की नेरळचा घाट वाहनांनी भरतो. द्रुतगती मार्गावरचा खालापूरचा टोलनाका शनिवारी सकाळी काय असतो, हे वाचकांना सांगायला नको. २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर, सांगडेवाडीजवळ इमॅजिका सुरू झालं, पुढच्याच वर्षी त्याला जलउद्यानाची जोड मिळाली, आणि या पट्ट्याला बारमाही गर्दी लाभली. दिवाळीची सुट्टी, मग शाळांच्या सहली, नाताळ, मग मे महिना. महडच्या वरदविनायकाचं दर्शन घेऊन पालीच्या बल्लाळेश्वराकडे निघालेले भाविकही याच रस्त्याने जातात. अंगारकी आणि शाळेची सुट्टी एकत्र आली, तर देवाच्या रांगेतली आणि पाळण्याच्या रांगेतली माणसं आधी रस्त्यावरच एका रांगेत उभी राहतात. म्हणून आमचं नियोजन उद्यानाच्या फाटकापाशी सुरू होऊन चालत नाही. पंचांग, शाळांचं वेळापत्रक आणि घाटातली वाहतूक या तिन्हींवर डोळा ठेवावा लागतो.

गर्दी म्हटलं की लोक आकडा विचारतात. किती हजार आले? माझा प्रश्न वेगळा असतो: किती जागेत, आणि किती वेळात? दोन हात लांब, दोन हात रुंद असा जमिनीचा तुकडा डोळ्यांपुढे आणा. तो साधारण एक चौरस मीटर होतो. त्यात दोन माणसं उभी असतील तर मुलं खेळतात, आजोबा काठी टेकून उभे राहतात. चार असतील तर अंगाला अंग लागतं, पण पाऊल आपल्या मर्जीने पडतं. पाच-सहाच्या पुढे माणसाची मर्जी संपते. पायाखालची जमीन दिसत नाही, गर्दी पाण्यासारखी हेलकावू लागते आणि एकाचा तोल गेला की त्याच्याबरोबर वीस जणांचा जातो. चेंगराचेंगरीत माणसं तुडवली जाऊन मरतात असा समज आहे. पुष्कळदा ती उभ्या-उभ्याच गुदमरतात, कारण छाती फुगवायला जागा राहत नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर २३ जणांचा जीव गेला. पाऊस पडत होता. पुलावरची माणसं आडोशाला थांबली, जिन्यातून बाहेर पडणं जवळजवळ बंद झालं, आणि गाड्या मात्र नवी माणसं आणून सोडत राहिल्या. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक गेले. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं आणि नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. दोन्हीकडे गर्दी वाईट नव्हती. एके ठिकाणी माणसं घरी-कामावर निघाली होती, दुसरीकडे देवाला. बाहेर पडण्याची वाट अडली आणि आत येणं कुणी थांबवलं नाही, म्हणून ती गेली. सहलीच्या जागा हसऱ्या असतात, रंगीत असतात, पण हा नियम त्यांना माफ नाही. म्हणून उद्यानात मी आधी बाहेर पडायच्या वाटा मोजते आणि मग आत किती माणसं घ्यायची ते सांगते.

आता रांगेचं गणित. समजा, एका पाळण्याच्या गाडीत २४ जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. तासाला ३० फेऱ्या, ७२० माणसं. रांगेत ५४० जण असतील तर शेवटच्या माणसाचा नंबर ४५ मिनिटांनी लागेल. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम तो हाच: रांगेतली माणसं, पुढे सरकण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांतल्या दोन गोष्टी कळल्या की तिसरी आपोआप कळते. आता प्रत्येक फेरीला फक्त अर्धं मिनिट जास्त लागू द्या. कुणाचा मोबाइल खिशातच राहिला, कुणाची चप्पल सैल आहे, कुणाच्या मुलाची उंची कमी भरली आणि आई-वडील हुज्जत घालताहेत. तासाला २४ फेऱ्या होतात, ५७६ माणसं बसतात, आणि तीच रांग ५६ मिनिटांची होते. आठ तासांत साडेअकराशे माणसांच्या फेऱ्या बुडतात. सुट्टीच्या दिवशी नवा पाळणा उभारता येत नाही, पण हे अर्धं मिनिट वाचवता येतं. उंची रांगेच्या तोंडाशीच मोजायची, पिशव्या-चपला आधीच बाजूला काढून घ्यायच्या, कोण कोणाशेजारी बसणार हे गाडी येण्याआधी ठरवायचं. थोडक्यात, गाडी थांबायच्या आत वडा कागदात गुंडाळलेला हवा.

हे करणारी मुलं-मुली पुष्कळदा आसपासच्या गावांतली, वाड्यांतली असतात. दिवसभर उन्हात उभं राहून हजारो अनोळखी लोकांशी गोड बोलणं हे मोठं कसबाचं काम आहे. उंचीच्या पट्टीपाशी रडणाऱ्या मुलासमोर गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून, “तू पुढच्या वर्षी ये, मी इथेच आहे,” असं सांगणारी एक मुलगी मी पाहिली आहे. तिने रांगेचं अर्धं मिनिट वाचवलं आणि त्या मुलाचा दिवसही.

पण वेग वाढवून सगळं भागत नाही, हे मी एका चुकीतून शिकले. खालापूरच्या कामांच्या फार आधीची, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका जलउद्यानातली ही गोष्ट. मे महिन्यातला रविवार होता. एका मोठ्या घसरगुंडीपाशी ‘इथून ९० मिनिटे’ असा फलक लावलेला होता. तो वाचून लोक आमच्या मुलांवर चिडत. मी फलक काढायला लावला. अर्धा तास शांततेत गेला. मग मधल्या लोकांना पुढे काय चाललंय ते कळेना. कुणीतरी म्हणालं, आता बंद करणार आहेत. मागून रेटा आला, कठडा वाकला आणि आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीचं मनगट मोडलं. तिच्या आईने मला विचारलं, “ताई, आधी सांगितलं असतं तर आम्ही थांबलोच नसतो ना?” मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी खरी वेळ कधीही झाकलेली नाही. रांग ९० मिनिटांची असेल तर फलकावर ९० लिहायचं. विजा चमकू लागल्या आणि पाळणा थांबवावा लागला, तर का थांबला आणि पुन्हा कधी सांगू, हे लगेच सांगायचं. ‘थोडा वेळ थांबा’ या शब्दांना माझ्या कामात जागा नाही.

डेव्हिड मायस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये ताटकळण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं, त्यातही हे आहे: किती वेळ लागेल हे माहीत नसलं की थांबणं लांबतं, उशिराचं कारण कळलं नाही की लांबतं, आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं तरीही लांबतं. पण मला हे सर्वांत सुंदर रूपात दिसलं ते वारीत. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत रथाच्या पुढे आणि मागे प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला असतो; लाखो माणसांत कुणालाही आपली जागा शोधावी लागत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते. तिचं ऐकून घेतलं जातं. हरवल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. मगच आरती. एवढ्या मोठ्या समुदायाला तिथे कुणी दामटत नाही. त्याला क्रम दिलेला असतो, बातमी दिलेली असते आणि बोलायला जागा दिलेली असते. माझ्या शास्त्राची सगळी पुस्तकं शेवटी या तीन गोष्टींपाशीच येतात.

या सुट्टीत तुम्ही उद्यानात जाणार असाल, तर तुमच्या हातातही बरंच आहे. शक्य असेल तर मधला वार निवडा. फाटक उघडायच्या आधी पोहोचा आणि आत शिरल्यावर समोरच्या पाळण्याच्या मोहात न पडता आधी टोकाला जा. बहुतेक माणसं दिसेल त्या पहिल्या रांगेत उभी राहतात. दुपारचं जेवण साडेअकराला किंवा अडीचनंतर घ्या. मुलांची उंची घरीच मोजून ठेवा आणि ज्यात बसता येणार नाही ते त्यांना घरीच सांगा. तिथे पोहोचून झालेला हिरमोड दिवसभर पुरतो. मुलाच्या मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा, आणि हरवलास तर गणवेशातल्या माणसाजवळ थांब, आम्हाला शोधत फिरू नकोस, असं त्याला शिकवा. आजी-आजोबांसाठी सावलीतली एक जागा ठरवा. तीच सगळ्यांची भेटायची जागा. पाणी तहान लागायच्या आधी प्या. रांगेत मधे घुसू नका. मुलं पाळणा विसरतील, पण आई-बाबांनी तेव्हा काय केलं ते विसरणार नाहीत. आणि जमलं तर पाळण्यावरच्या त्या मुला-मुलींना नावाने हाक मारून आभार माना. नाव त्यांच्या छातीवर लिहिलेलं असतं.

उद्यान बंद व्हायची वेळ झाली की मी एक रिवाज पाळायला लावते. दोरी रांगेच्या शेवटच्या माणसाच्या मागे बांधायची. त्याच्यानंतर कुणी आत येणार नाही, पण तो घरी जाईल तो फेरी मारूनच. वीज जास्त जळते, पाळण्यावरच्या मुला-मुलींची सुटायची वेळ टळते, कधी हिशेब विचारणारे नाराज होतात. मागच्या डिसेंबरात अशा शेवटच्या गाडीत एक आजोबा आणि त्यांची नात, असे दोघंच होते. चोवीस आसनांची गाडी दोघांसाठी सुटली. मी फलाटाशी उभी राहून ती वर चढताना पाहत होते, आणि मला कर्जतचा तो वडेवाला दिसत होता. सुटलेल्या गाडीबरोबर, एका खिडकीसाठी, हातात वडा घेऊन धावणारा.