थट्टेचे पिंजण

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच मास्तर झालो होतो. इंग्रजीच्या धड्यात ‘टीझ’ हा शब्द आला. अर्थ सांगायला मला लांब जावे लागले नाही. वर्गात एका पिंजाऱ्याचा मुलगा होता. पोरे त्याला ‘कापूस’ म्हणत. मी म्हणालो, “आपल्या कापसाला तुम्ही करता ना, तेच टीझ!” वर्ग खो-खो हसला. तो मात्र वहीत मान घालून बसला. पुढचे दोन दिवस तो शाळेत फिरकला नाही.

दुसऱ्या रात्री सहज कोश उघडला आणि चपापलो. चिडवणे, थट्टा करणे हा या शब्दाचा अर्थ सतराव्या शतकातला. मूळ अर्थ लोकर विंचरणे, तिच्या गुंतलेल्या बटा ओढून मोकळ्या करणे! ‘टीझल’ हे एका काटेरी झाडाचे नावही त्याच मुळातले. त्याची वाळलेली बोंडे चौकटीत बसवून इंग्लंडातले कारागीर लोकरी कापडावर लव उठवीत. भर सभेत वक्त्याला टोकून हैराण करणे म्हणजे ‘हेकल’. तोही शब्द जवसाचे तंतू विंचरण्याच्या फणीवरून आलेला. म्हणजे साहेबाची थट्टा मुळात पिंजाऱ्याच्याच घरची की!

दिवाळी तोंडावर होती. गादी पिंजून घ्यायचे निमित्त काढून मी त्याच्या घरी गेलो. वडिलांची धनुकली तुणतुणत होती. कापूस ढगासारखा वर येत होता. मुलगा कोपऱ्यात गादीला टाके घालीत होता. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, “आणखी जोरात मारलीत, तर काम लवकर नाही व्हायचे?”

ते हसले. “मास्तर, गाठ सुटावी म्हणून पिंजायचं. हात जड पडला तर कापूस तुटतो. मग त्यात ऊब राहत नाही.”

ते कापसाविषयीच बोलत होते. मला मात्र मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. साऱ्या वर्गासमोर मी त्याची क्षमा मागितली, शब्दाची कुळकथा सांगितली आणि पिंजतात कसे, ते त्यालाच सांगायला लावले. प्रथम तो चाचरला. मग रंगात आला. शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाला, “सर, तुमचे केस तर आधीच पिंजारलेले आहेत!”

वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने मी.

पोरांनी त्याला ‘कापूस’ म्हणायचे सोडले, असे नाही. पण मी त्याला त्या दिवसापासून नावानेच हाक मारू लागलो.