पहिली फवारणी

नांदेडच्या काळ्या रानात कपाशी महिनाभराची झाली की शेंड्याच्या पानांखाली मावा दिसू लागतो. पाठोपाठ ढालकिडा येतो. नारिंगी-लाल, पाठीवर काळे ठिपके किंवा नागमोडी पट्टे असलेला हा भुंगेरा ओळखीचा असतो. त्याची अळी मात्र नाही. करडी-काळी, काटेरी, चिमुकल्या सुसरीसारखी ही अळी मावा फस्त करण्यात भुंगेऱ्याला हार जात नाही. पण ‘अळी पडली’ म्हणून औषध मारले जाते ते पुष्कळदा तिच्यावरच.

बीटी कपाशीचे बी बहुधा इमिडाक्लोप्रिडसारखे औषध चोळूनच पिशवीत येते. सुरुवातीचे काही आठवडे तेवढ्याने भागते. तरी शेजारच्या रानात पंप सुरू झाला की आपलाही पाठीवर चढतो. पहिल्याच फवारणीत सायपरमेथ्रिन किंवा प्रोफेनोफॉस गेले की मावा आणि ढालकिडा दोन्ही मरतात. पण मावा नराविना थेट पिल्ले घालतो. आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उभी राहते. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा व्हायला तीनेक आठवडे लागतात, आणि खायला मावा असल्याशिवाय तो फिरकत नाही. दुसरी फवारणी अशी पहिलीच्या पोटी जन्मते. पायरेथ्रॉइडचा मारा वाढला की पांढरी माशी उसळते, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच असते.

पानामागे 10 मावा किंवा 2-3 तुडतुडे भरेपर्यंत थांबावे, अशी शिफारस आहे. तोवर 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. मोजायला पान उलटावे लागते, एवढीच अडचण.

पिकाचा मित्र म्हणजे ढालकिड्यासारखा कीटकच, असे नाही; लातूरकडच्या सोयाबीनवर तो बुरशीही असतो. पावसाळी दमट हवेत पांढरी पडून पानाला चिकटलेली अळी दिसते, ती बुरशीने मेलेली असते. अशा वेळी बुरशीनाशक मारणे म्हणजे फुकटचा गडी हाकलणे.

बोंडअळीसाठी लावायच्या ट्रायकोकार्डावर तांदळाच्या पतंगाची सुमारे 20,000 अंडी चिकटवलेली असतात. प्रत्येकाच्या आत ट्रायकोग्रामा या परजीवी माशीची अळी वाढते आणि अंडे काळे पडते. अंड्याच्या कवचाआड ती बरीच सुरक्षित असते. बाहेर पडलेली माशी मात्र अर्ध्या मिलिमीटरची, पानावर चालत बोंडअळीची अंडी हुडकणारी. सुकलेल्या औषधाचा थरही तिला पुरतो. कार्डाच्या पट्ट्या पानांखाली टाचल्या, की त्याआधी आणि नंतर आठ-दहा दिवस पंप खुंटीला टांगलेलाच राहू द्यावा.