आमचा डबा भरला

आमचा डबा भरला, ही बातमी चिरंजीवांनी एका रविवारी पोहे खाताखाता दिली.

"कुठला? तांदळाचा की डाळीचा?" सौ.ने सवयीने विचारलं.

"मी सांगत होतेच, एवढा डबा पुरायचा नाही म्हणून," आईने परस्पर निकालही दिला.

आता हा डबा म्हणजे, टीव्हीखालच्या कपाटात मिणमिणत बसणारी एक काळी पेटी. दिसायला टोस्टरसारखी, पण पावाच्या जागी दोन हार्ड डिस्क, प्रत्येकी दोन टीबीची. घरातले सगळे मोबाइल रात्री आपापले फोटो तिच्यात ओततात. पूर्वी हे काम गूगल फोटोज फुकट करायचं. १ जून २०२१पासून ती अमर्याद फुकट सोय बंद झाली. १५ जीबीच्या पुढे पैसे. अर्धं आयुष्य भाड्याच्या वाड्यात काढून नुकताच स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलेला माणूस मी. आपल्याच फोटोंसाठी पुन्हा दरमहा भाडं भरायचं? तेव्हा डबा आणला. "साहेब, दोन टीबी म्हणजे जन्माची सोय," दुकानदार म्हणाला होता. तो जन्म चार वर्षांत संपला.

"भरला म्हणजे किती भरला?"

"शहाण्णव टक्के."

टक्के मला बँकेत कळतात, घरी नाही. नाशिककराला पातळी कळते ती दुतोंड्या मारुतीवरून. गोदेला पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की छातीला लागलं, एवढ्यावर गाव ठरवतं, दुकानं आवरायची की नुसतं पूर बघायला जायचं. चिरंजीवांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि भाषांतर केलं, "बाबा, मारुतीच्या नाकात पाणी चाललंय."

मग परिस्थितीचं गांभीर्य लक्षात आलं.

साठवण कमी पडली की मार्ग दोनच. गाळ काढा, नाहीतर नवी भिंत बांधा. गंगापूर धरण असूनही वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणं बांधावी लागलीच की, असं चिरंजीवांनी लगेच सुचवलं. पण मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. भिंतीला पैसे पडतात, गाळ फुकट निघतो. त्याच दुपारी गाळ काढायला बसलो.

गाळ उदंड होता. भाच्याच्या मुंजीचा एकच व्हिडिओ तीनदा : माझ्या फोनमधून, सौ.च्या फोनमधून आणि आईच्या फोनमधून. शुभ सकाळचे गुलाब इतके, की त्यांचा गुलकंद केला असता तर पंचक्रोशीला पुरला असता. एकाच साडीचे नऊ फोटो, जी साडी शेवटी घेतलीच नाही.

"हे उडवू?" मी विचारलं.

"थांबा! त्यातल्या तिसऱ्यात मागे ताई उभ्या आहेत," सौ. म्हणाली.

वाड्यातला माळा आवरतानाही हेच व्हायचं. मी वरून एकेक वस्तू खाली द्यायचो, आई ती पदराने पुसायची आणि "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून परत वर द्यायची. माळा तेवढाच भरलेला राहायचा, फक्त स्वच्छ व्हायचा. इथे तीन तासांत अकरा फोटो उडाले. त्यातले आठ माझ्या खिशाच्या आतले होते.

बँकेत हे बरं असतं. कुठल्या नोंदी किती काळ जपायच्या ह्याचे १९८५चे नियमच आहेत. काही किमान पाच वर्षं, काही किमान आठ. मुदत भरली, मंजुरी आली, की कागद चालले. कुणी व्हाउचर छातीशी धरून "असू दे" म्हणत नाही. घरात हे नियम कोण करणार?

शेवटी 'इतर' नावाचा एक फोल्डर उघडला. आत नुसते आकडे असलेल्या शेकडो फायली. सगळ्या एकदम निवडल्या, बोट बटणावर नेलं, आणि निव्वळ कारकुनी सवयीने त्यातली एक तपासायला म्हणून लावली.

"अरे, आज बुधवार आहे. येताना गंगेवरून मेथी आण. जुडी सोडून बघून घे. मागच्या वेळी नुसती मुळंच आणलीस."

बाबांचा आवाज. अकरा सेकंद. बाबा २०१९मध्ये गेले.

बुधवारचा बाजार, गंगेचा काठ आणि माझ्याबद्दलचं त्यांचं मत, सगळं त्या अकरा सेकंदांत होतं. खरं सांगायचं तर तो निरोप आला तेव्हा मी तो अर्धाच ऐकला होता. मेथी आणलीच नव्हती. फाइल होती जेमतेम तीस केबीची. मी हिशेब केला. दोन टीबीत अशा साडेसहा कोटींहून जास्त फायली मावतात. साडेसहा कोटींतली एक, आणि ती मी रद्दीत काढली होती.

गाळ काढायचं काम तिथेच थांबलं. भिंत बांधायची ठरली.

चार-चार टीबीच्या दोन डिस्क मागवल्या. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की चार टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर ३.६ दाखवते. कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ने, असं चिरंजीव म्हणाले. आमच्याकडे ह्याला उगमस्थानी कपात म्हणतात. तरी तक्रार करू नये. १९५६मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, ती पन्नास तबकड्यांची आणि टनाहून जड होती, आणि मावायची त्यात पन्नास लाख अक्षरं. म्हणजे सौ.च्या साडीचा एखादा फोटो कसाबसा.

दोन डिस्क एकमेकींच्या नकला ठेवतात, त्या व्यवस्थेला रेड म्हणतात. हे नाव १९८८मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ ह्या तिघांच्या निबंधाने रूढ केलं. त्यातल्या 'आय'चा अर्थ तेव्हा 'स्वस्त' होता, पुढे तो 'स्वतंत्र' झाला. बाजारात उतरल्यावर स्वस्त शब्द टिकत नाही, हे आम्हां कॉमर्सवाल्यांना कुणी सांगायला नको.

रीत अशी : एक जुनी डिस्क काढायची, तिथे नवी घालायची. उरलेली जुनी आपलं सगळं नवीला सांगते. ते झालं की दुसरी बदलायची. दोन्ही मोठ्या झाल्याशिवाय जागा वाढत नाही. एकीची पगारवाढ दुसरीला मिळेपर्यंत रोखून धरायची, ही पद्धत मला ओळखीची वाटली.

पण नक्कल होईपर्यंत सगळा संसार डब्यातल्या एकाच डिस्कवर. माझ्या हिशेबाने साडेपाच तास. डबा म्हणाला, नऊ. मे महिना. डबा इन्व्हर्टरवर जोडला आणि बॅटरी पुरावी म्हणून घरातले पंखे बंद केले. दीड वाजता वीज गेलीच. मी घामाघूम होऊन त्या हिरव्या दिव्यासमोर बसून होतो. चिरंजीव आत घोरत होते.

सकाळी नक्कल पूर्ण झाली. मी म्हटलं, "तुला झोप तरी कशी लागली?"

"बाबा, काढलेली जुनी डिस्क ड्रॉवरमध्ये आहे ना. तिच्यात सगळं आहे."

"मग हे रात्री का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

वर त्याने हेही ऐकवलं की दोन नकला म्हणजे काही विमा नव्हे. आरशासमोर मिशी काढली की आरशातलीही जाते, तशी एका डिस्कवरची फाइल पुसली की दुसरीवरचीही पुसते. म्हणून तिसरी प्रत हवी, आणि ती घराबाहेर हवी.

हे मात्र मला लगेच पटलं. आजोबांचा फोटो एकच होता आणि भांडी बाजारामागच्या वाड्यात एकाच भिंतीवर होता. १९६९च्या पुरात गंगा घरात शिरली आणि तो गेला. आजोबा कसे दिसायचे, ते बाबा हाताने हवेत काढून दाखवायचे.

ती जुनी डिस्क आता आमच्याच शाखेच्या लॉकरमध्ये आहे, आईच्या पाटल्यांशेजारी.

आईला इतके दिवस बोललो नव्हतो. दुसरी डिस्क बसली, डबा दुप्पट झाला, त्या संध्याकाळी तिला जवळ बसवलं आणि ते अकरा सेकंद ऐकवले. तिने दोनदा ऐकले. मग डोळे पुसले, चष्मा लावला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं.

"उद्या बुधवारच आहे," ती म्हणाली. "आता तरी आण. आणि जुडी सोडून बघ."