तपासताना उठाबशा कशासाठी?

हृदय तपासताना मी काही जणांना उकिडवं बसवतो, मग झटकन उभं करतो. कधी श्वास रोखून, शौचाला कुंथतो तसा जोर करायला सांगतो, कधी मुठी घट्ट आवळायला. सोबत आलेली आई हमखास हसते, "डॉक्टर, ही शाळेतली शिक्षा का?"

शिक्षा नाही. रक्त अरुंद वाटेतून किंवा गळक्या झडपेतून जाताना खळखळतं, तो आवाज म्हणजे मर्मर. लहान मुलांत, गरोदरपणात, तापात तो बरेचदा निर्धोक असतो. पण स्टेथोस्कोपमधून दोन आवाज सारखे वाटले तरी कारणं वेगळी असू शकतात. उकिडवं बसलं की पायांतलं रक्त हृदयाकडे जास्त येतं, उभं राहिलं किंवा कुंथलं की कमी. (कुंथण्याच्या या युक्तीला वाल्साल्वा यांचं नाव आहे. त्यांनी १७०४ साली ती सांगितली ती कानासाठी!)

रक्त कमी आलं की बहुतेक मर्मर मंदावतात. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत मात्र उलट होतं. त्यात हृदयाचा मधला पडदा जाड झालेला असतो. कप्पा कमी भरला की बाहेरची वाट आणखी चिंचोळी होते आणि आवाज वाढतो. मूठ आवळली की हाच आवाज उतरतो, तर मायट्रल झडपेच्या गळतीचा चढतो.

हा आजार साधारण ५०० जणांत एकाला असतो आणि अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. धडधाकट खेळाडू मैदानात अचानक कोसळतो, त्यामागे कधीकधी हाच असतो. म्हणून तुमचा मुलगा उभा राहिल्यावर आवाज वाढला, तर मी टू-डी इको लगेच करायला सांगतो. तिथेही कुंथायला लावतात, कारण पडून असताना अडथळा दिसेलच असं नाही.

औषधांचंही तसंच. पूर्वी अमाइल नायट्राइट हुंगवून आवाजातला फरक ऐकत. आज ते मागे पडलं, पण त्याच जातीची सॉर्बिट्रेट घरोघरी आहे. छातीत दुखलं की शेजारी जिभेखाली ठेवायला देतात. या आजारात ती अडथळा वाढवते, चक्कर येऊन माणूस पडू शकतो. जुलाबाने किंवा उन्हाने शरीरातलं पाणी कमी झालं तरी तेच. बीटा ब्लॉकर मात्र ठोके मंद करून हृदयाला भरायला वेळ देतात.

तुमच्या रिपोर्टवर हे नाव असेल तर प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा. आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करून घ्या. आणि गुडघे दुखत असतील तर बसण्याआधीच बोला, मुठी आवळूनही बरंच कळतं.