ताव निवडताना

चित्र काढण्याआधी कागद निवडावा लागतो, हे आम्हां भावंडांना चाळिशी उलटल्यावर कळले. त्याआधी कागद म्हणजे उत्तरपत्रिका, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. एका माजी विद्यार्थिनीने जपानहून ‘वाशी’चे तीन ताव आणून दिले, आणि त्याच सुमारास आईच्या स्मृतीतून एकेक नाव निसटू लागले. ती समोर बसते आहे तोवर तिचा चेहरा शाईने रेखाटावा, असे आम्ही ठरवले. प्रश्न उरला तो तावाचा.

पहिला ताव कोझोचा. हे तुतीच्या कुळातले झाड. त्याच्या आतल्या सालीचे तंतू सुमारे १० मिलिमीटर लांब असतात, म्हणून कागद पातळ असूनही चिवट. दुसरा गाम्पीचा. गाम्पीची लागवड अवघड. ते बहुधा रानातूनच गोळा करतात. ताव तुळतुळीत, बारीक रेघेला साजेसा. तिसरा पुन्हा कोझोचाच, पण ‘दोसा’ दिलेला, म्हणजे सरस आणि तुरटी यांच्या पाण्याचा हात फिरवलेला.

लगद्यात तोरोरो-आओई या वनस्पतीच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. त्यामुळे तंतू पाण्यात तरंगत राहतात आणि पाणी सावकाश निथळते. ही वनस्पती भेंडीच्याच प्रजातीतली, असे आम्ही आईला सांगितले. ती म्हणाली, “बुळबुळ आहे ना? मग दोन आमसुलं टाका.” नावे गेली होती, भाजी शाबूत होती.

कडेच्या पट्ट्या कापून आम्ही शाई लावून पाहिली. दोसाच्या कागदावर ती जागच्या जागी थांबते, रंगाचे थरावर थर देता येतात. कोऱ्या कोझोवर कुंचला क्षणभर रेंगाळला तरी शाई पसरते. लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका खोडण्यात आमचे आयुष्य गेलेले. साहजिकच दोसा आवडला. पण तुरटीतले आम्ल कालांतराने कागदाला अपाय करू शकते, हे वाचले आणि मन मागे फिरले. नारा येथील शोसोइनमध्ये इ.स. ७०२ मधल्या कुटुंबनोंदी अजून जपलेल्या आहेत. कुणाच्या घरात कोण होते, ते कागदाने तेराशे वर्षे लक्षात ठेवले.

आम्ही कोरा कोझो घेतला. तावाची गुळगुळीत बाजू वर ठेवली. वाळवताना फळीला चिकटलेली बाजू ती. कपाळ, नाक, हनुवटी नीट उतरली. गालाची रेघ ओढताना आईने विचारले, “तुम्ही कुणाकडची?”

कुंचला धरलेला हात थबकला. शाई कानापर्यंत पसरली.

तो डाग खोडता येत नाही, आणि खोडावा असे आता वाटतही नाही. गाम्पीचा ताव मात्र अजून कपाटातच आहे. त्याला हात लावायचे धैर्य होत नाही.