फस्क्लास आणि फर्स्ट क्लास

चहा जमला की आपण 'फस्क्लास' म्हणतो. तोच शब्द मुलाखतीत पदवीबद्दल सांगताना 'फर्स्ट क्लास' होतो. एखादा उमेदवार तर घाबरून 'फर्स्ट'च्या शेवटी पुसटसा 'अ' लावतो, म्हणजे 'ट' हरवायला नको.

माणूस सावध झाला की उच्चार सुधारतो, असा सर्वसाधारण समज आहे. त्याला आधारही आहे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना मुद्दाम असं काही विचारलं, की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असंच यावं. मग ऐकू न आल्याचं सोंग करून तेच पुन्हा वदवून घेतलं. दुसऱ्या खेपेला 'र' अधिक ठसठशीत उमटला. 1966 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि गाजला. पण ती माणसं आपलीच भाषा बोलत होती.

परकी भाषा बोलणाऱ्याचं काय होतं? युह-हुई लिन यांनी चिनी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांकडून इंग्रजी जोडाक्षरं वेगवेगळ्या प्रसंगी म्हणवून घेतली, कधी याद्या वाचायला लावून, कधी गप्पांतून. 2001 साली छापलेला त्यांचा निष्कर्ष मला फार आवडतो: प्रसंग बदलला तरी चुका फारशा कमी-जास्त झाल्या नाहीत, त्यांची जात बदलली. यादी वाचताना मुलं दोन व्यंजनांमध्ये स्वर घालत, गप्पांत एखादं व्यंजन गाळत किंवा बदलत. समजा शब्द 'ब्लू' आहे. तर वाचताना 'बुलू', बोलताना 'बू'. मँडरिनमध्ये अक्षराच्या आरंभी अशी जोडव्यंजनं नसतातच. चिनी वर्तमानपत्रांत क्लिंटन यांचं नाव तीन चिन्हांत लिहितात, आणि त्यात 'क'ला स्वतःचा स्वर मिळतो.

व्याकरणात या स्वर घालण्याला स्वरभक्ती म्हणतात. ती करणारा शब्दातलं काहीच टाकत नाही. 'बुलू' ऐकून मूळ शब्द गाठता येतो. नुसत्या 'बू'वरून 'ब्लू' की 'ब्रू' ते सांगता येत नाही. तरी हसं होतं ते भर घालणाऱ्याचं. 'सकूल' म्हणणाऱ्या पंजाबी माणसाची नक्कल आपण चवीनं करतो, 'फस्क्लास'ची कुणी करत नाही. कारण उघड आहे: भरभर बोलताना खुद्द इंग्रजसुद्धा तिथला 'ट' गिळतो. त्यामुळे गाळणं सफाईत जमा होतं आणि सांभाळून ठेवणं गावंढळपणात. मला हा हिशेब पटत नाही.

औपचारिकपणा कधी उलटतोही. लेस्ली बीबी यांना 1980 साली थाई विद्यार्थ्यांत दिसलं, की शब्दारंभीचा इंग्रजी 'र' नेमका यादी वाचताना जास्त बिघडतो. कारण थाईत प्रतिष्ठेचा मानला जाणारा त्यांचा स्वतःचा 'र' तिथे डोकावतो. पाहुण्यासमोर माणूस घरची रीतच आधी काढतो, तसं काहीसं.

आपल्याकडे मात्र उच्चार तपासायचा म्हणजे मुलाला उभं करून उतारा वाचायला लावायचा. त्यातून निम्मंच हाती लागतं. मी शिक्षक असतो तर उतारा बाजूला ठेवून त्याला कालच्या सामन्याबद्दल विचारलं असतं, तेही मधल्या सुट्टीत. आवडत्या फलंदाजाचा 'स्ट्राइक रेट' सांगताना तो कोणतं व्यंजन गिळतो, ते मग कळलं असतं.