चिकटपट्टी आणि आईची कातडी

आई ८१ वर्षांची. सलाईन काढताना सिस्टरने चिकटपट्टी ओढली आणि सोबत कातडीच सोलून आली. सुईची जखम दोन दिवसांत भरली, ही तीन आठवडे छळत राहिली. सिस्टरला काय बोलणार, एकटीवर सगळा वॉर्ड!

२०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हायड्रोजेलची पट्टी दाखवली. ओल्या ऊतींवर ५ सेकंदांत घट्ट बसते. खायचा सोडा आणि ग्लुटाथिओनचं द्रावण लावलं की साधारण ५ मिनिटांत अलगद सुटते.

ती आपल्या वॉर्डात येईल तेव्हा येईल. सिलिकॉनची टेप मात्र आजही मिळते. घरचं म्हातारं माणूस दाखल असेल तर ती मागा. आणि "सिस्टर, कातडी धरून जरा हळू काढा," एवढं म्हणायला लाजू नका. मी लाजलो होतो.